पंचेचाळीस सेकंदांसाठी चार दिवस

शुक्रवार, १० मार्च २०२३

माझी भाची लॉस एंजेलिसमध्ये व्हीएफएक्सचे, म्हणजे चित्रपटातील संगणकीय दृश्यांचे, काम करते. तिच्या कंपनीच्या वाट्याला आलेल्या ऑस्कर सोहळ्याच्या मोजक्या तिकिटांपैकी दोन यंदा तिला मिळाली आणि जानेवारीच्या अखेरीस तिने फोनवर विचारले, "मामा, तुम्ही याल का माझ्याबरोबर?" मी होकार द्यायला किती कमी वेळ घेतला, हे माझ्या वयाला शोभणारे नाही, म्हणून सांगत नाही. हे तिकीट आयत्या वेळी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. ज्याच्या नावाने ते निघते त्यानेच ओळखपत्र घेऊन यायचे असते, त्यामुळे माझी सगळी माहिती कित्येक दिवस आधी कळवावी लागली होती आणि ती मंजूर होऊन येईपर्यंत मी विमानाचे तिकीटसुद्धा काढले नव्हते.

काल रात्री उशिरा पोहोचलो. आज सकाळचे पहिले काम म्हणजे कपडे. पुरुषांनी काळा टक्सीडो आणि बो टाय घालावा अशी निमंत्रणातच अट असल्यामुळे भाचीने तो एका दुकानातून भाड्याने ठरवून ठेवला होता. कोट अंगाला बरोबर बसला, विजार मात्र चार बोटे लांब निघाली. दुकानदाराने गुडघ्यावर बसून टाचण्या लावल्या, उद्या संध्याकाळी या म्हणून सांगितले आणि बो टाय हातात ठेवताना खालच्या आवाजात दिलासा दिला की याची गाठ आधीच मारलेली आहे, मागे फक्त आकडा अडकवायचा. त्या एका वाक्याने माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

दुपार ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या संग्रहालयात घालवली. विल्शर बुलेव्हार्ड आणि फेअरफॅक्स अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर १९३९ साली बांधलेली एका डिपार्टमेंट स्टोअरची इमारत आहे. तिचे नूतनीकरण करून आणि तिच्या पाठीशी काच व काँक्रीटचा एक प्रचंड गोल उभारून वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी हे संग्रहालय सिद्ध केले, आणि ते सप्टेंबर २०२१ मध्ये खुले झाले. सरकत्या जिन्याच्या वर 'जॉज' चित्रपटातला शार्क टांगलेला आहे. मुले त्याच्याखाली फोटो काढून घेत होती. मी तिथे फार रेंगाळलो नाही, कारण मला ऑस्करच्या इतिहासाचे दालन पाहायचे होते.

त्या दालनात सोनेरी पुतळ्यांच्या रांगेत एक काचेची पेटी रिकामी ठेवली आहे. ती हॅटी मॅकडॅनियल यांची. 'गॉन विथ द विंड'मधील भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून त्या १९४० साली ऑस्कर मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. समारंभ ॲम्बॅसडर हॉटेलातील कोकोनट ग्रोव्हमध्ये होता, आणि त्यांना आपल्या चित्रपटाच्या इतर मंडळींबरोबर न बसवता भिंतीकडेच्या एका वेगळ्या टेबलावर बसवले होते. त्या काळी सहायक कलावंतांना पुतळा न देता एक फलक देत असत. त्यांचा तो फलक पुढे हरवला आणि सापडला नाही. पाहुणा म्हणून कुठल्या रांगेत बसायला मिळेल याची उत्सुकता मी तीन आठवडे बाळगून होतो, त्या पेटीसमोर ती उत्सुकता जरा ओशाळी झाली.

दुसरी आठवण भानू अथैया यांची. कोल्हापूरला जन्मलेल्या या वेशभूषाकारांनी 'गांधी' चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळवले, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. २०१२ साली त्यांनी आपला पुतळा अकॅडमीकडे परत सोपवला, कारण आपल्यामागे तो नीट जपला जाईल याची त्यांना दुसरीकडे कुठे खात्री वाटत नव्हती. त्या निर्णयाचे मला तेव्हा वाईट वाटले होते. आज त्या दालनातले तापमान, प्रकाश आणि पहारा पाहिल्यावर वाईट वाटण्याचा सूर थोडा बदलला. आपल्याकडच्या किती चित्रपटांच्या मूळ प्रती आज उरल्या आहेत, हा प्रश्न त्यामागोमाग आला आणि तो काही सुखाचा नव्हता.

शनिवार, ११ मार्च

हॉलिवूड बुलेव्हार्डचा डॉल्बी थिएटरसमोरचा भाग सोहळ्यासाठी कित्येक दिवस आधीच वाहनांना बंद करतात. आम्ही शेवटचे अंतर पायी गेलो. पदपथावर कलावंतांची नावे कोरलेले तारे जडवलेले आहेत. नावे वाचत चालणाऱ्यांची वाट अडवून उलट्या दिशेने येणारे लोकही नावेच वाचत असल्यामुळे माणसे सारखी एकमेकांवर आदळत होती. म्हैसूरच्या हत्तीखान्यातून उचलून ज्याला इंग्रजी चित्रपटात नेले, त्या साबूचाही तारा याच रस्त्यावर आहे. पण तो आणखी बराच पूर्वेला असल्याने आज तिथवर जाता आले नाही.

रस्त्याच्या एका बाजूला १९२७ साली उघडलेले चायनीज थिएटर, त्याला लागूनच डॉल्बी, आणि पलीकडे हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेल. ऑस्करचा पहिला समारंभ याच रूझवेल्टच्या ब्लॉसम रूममध्ये १६ मे १९२९ रोजी झाला. सुमारे २७० पाहुणे आले होते, तिकीट ५ डॉलर होते, आणि विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झालेली असल्यामुळे पुरस्कार वाटून व्हायला अवघी पंधरा मिनिटे लागली. पुढे निकाल वर्तमानपत्रांना आधी कळवून ते रात्री अकरा वाजेपर्यंत छापायचे नाहीत अशी पद्धत पडली. १९४० साली एका दैनिकाने ते संध्याकाळच्या अंकात छापून टाकले, आणि पुढच्या वर्षापासून मोहोरबंद पाकिटे आली. आज ज्या पाकिटाकडे जग श्वास रोखून पाहते त्याचा जन्म असा एका बातमीच्या घाईतून झालेला आहे. पंधरा मिनिटांच्या त्या कार्यक्रमाचा साडेतीन तासांचा विस्तार होण्यात या पाकिटाचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

या वर्षीची मोठी चर्चा गालिच्याची होती. १९६१ पासून अंथरला जाणारा लाल गालिचा बाजूला ठेवून यंदा शॅम्पेनच्या रंगाचा, म्हणजे फिकट बदामी गालिचा अंथरला होता आणि वर छताचा मंडप घातला होता. गेल्या वर्षी याच मंचावर एका अभिनेत्याने पुरस्कार द्यायला आलेल्या विनोदवीराच्या थोबाडीत मारली होती, त्यामुळे यंदाचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी गालिच्याच्या अनावरणातच विनोद केला की रक्त सांडणार नाही याची खात्री असल्यानेच हा रंग निवडला आहे. मला मात्र रक्तापेक्षा चिखलाची काळजी वाटली. त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला एकामागून एक वादळी पावसाने झोडपले होते आणि कुंपणाबाहेरचा रस्ता आजही ओला होता. लाल रंगावर बुटाचे ठसे दिसत नाहीत, हा साधा हिशेब कुणीतरी करायला हवा होता.

संध्याकाळी विजार घेऊन आलो. आता ती दोन बोटे आखूड झाली होती. भाची म्हणाली, "मामा, काळे लांब मोजे घाला, कुणाला कळणार नाही." तसेच केले.

रविवार, १२ मार्च

पहाटे दोन वाजता अमेरिकेतील घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या या दिवसातला एक तास आमच्या झोपेतूनच वजा झाला. यंदा सोहळा संध्याकाळी पाच वाजता सुरू होणार होता, कारण पूर्व किनाऱ्यावर तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि दूरचित्रवाणीची मुख्य वेळ तीच आहे. भारतात त्या वेळी सोमवारची पहाट, साडेपाच. घरच्यांनी चहा करून टीव्हीसमोर बसण्याचे कबूल केले होते आणि मी दिसेन अशी त्यांची पक्की समजूत होती.

आम्ही साडेबाराला निघालो. त्या दिवशी मेट्रो गाडी हॉलिवूड-हायलँड स्थानकावर थांबतच नाही, आणि थांबली असती तरी टक्सीडो घालून मेट्रोने जाण्याचा धीर माझ्यात नव्हता. ठरवून दिलेल्या रस्त्याने गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि दर काही अंतरावर कुणीतरी पास बघत होते, नाव पडताळत होते, गाडीच्या पोटाखाली आरसा फिरवत होते. जेमतेम दीड किलोमीटरसाठी पाऊण तास गेला. शेजारच्या लांबलचक गाडीतील बाई आपला झगा चुरगळू नये म्हणून सीटवर जवळजवळ आडव्या झाल्या होत्या. माझी विजार बसल्यावर आणखी वर चढत होती, त्यामुळे त्यांच्याविषयी मला विलक्षण आपुलकी वाटली.

गालिच्यावर पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की तो एक नसून दोन आहेत. मध्ये दोर बांधून त्याचे दोन पट्टे केलेले असतात. कॅमेऱ्यांच्या बाजूचा पट्टा नामांकित आणि प्रसिद्ध मंडळींचा, आणि दुसरा आपला. आपल्या पट्ट्यावर थांबायचे नसते. काळ्या पोशाखातील कर्मचारी अतिशय गोड आवाजात "कृपया पुढे चला" म्हणत असतात, आणि तो गोडवा न सोडता ते तुम्हाला अक्षरशः पुढे लोटतात. दोराच्या पलीकडे तीन हातांवर अभिनेत्री मिशेल यो उभ्या होत्या. छायाचित्रकार त्यांच्या नावाने एका सुरात ओरडत होते, आणि त्या दर हाकेला तितक्याच शांतपणे मान वळवत होत्या. हे मी पाच-सहा सेकंदच पाहिले असेल, कारण लगेच पाठीवर एक मऊ हात आला. गालिचा माझ्या अंदाजाप्रमाणे दुपारी तीनलाच मळला होता. आमच्या पट्ट्यावर तर बुटांच्या काळपट खुणांची एक सलग वाटच पडली होती.

गालिचा संपला की रुंद पायऱ्या लागतात. हे खरे म्हणजे एका मोठ्या बाजारसंकुलाचे प्रवेशद्वार आहे, पण त्या दिवशी दुकानांवर पडदे सोडून ती दिसेनाशी करतात. दोन्ही बाजूंच्या खांबांवर सर्वोत्कृष्ट ठरलेल्या चित्रपटांची नावे वर्षवार कोरलेली आहेत, आणि पुढच्या खांबांवर २०७१ सालापर्यंतची वर्षे घालून नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. या कोऱ्या जागांनी मी गालिच्यापेक्षा जास्त भारावलो. अजून जन्माला न आलेल्या दिग्दर्शकांसाठी दगडात जागा राखून ठेवण्याचा आत्मविश्वास मी आजवर दुसरीकडे पाहिलेला नाही. भाची म्हणाली, "मामा, थांबू नका, मागे रांग आहे."

डॉल्बी थिएटर २००१ साली उघडले तेव्हा त्याचे नाव कोडॅक थिएटर होते. फोटोफिल्म बनवणारी ती कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २०१२ मध्ये नाव बदलले. चित्रपटाचा फिल्मवरून डिजिटलवर झालेला प्रवास या एका पाटीच्या बदलात सामावला आहे. सुमारे ३,४०० जागांचे हे नाट्यगृह टीव्हीवर दिसते त्यापेक्षा लहान वाटते, कारण ते पसरट नसून उंच आहे. नामांकित मंडळी खाली आणि आमच्यासारखे पाहुणे वरच्या सज्जांत. आमच्या जागा इतक्या वर होत्या की मंचावरील माणूस बोटाच्या पेराएवढा दिसत होता आणि त्याचा चेहरा पाहायला बाजूच्या पडद्याकडेच बघावे लागत होते. म्हणजे मीही एका अर्थी टीव्हीच बघत होतो, फक्त टक्सीडो घालून.

परंतु घरच्या टीव्हीवर जे दिसत नाही ते जाहिरातींच्या वेळी दिसते. प्रक्षेपण थांबले की सभागृह एकदम सैल पडते. कोट सुटतात, माणसे उठतात, खालच्या रांगांतील तारे मार्गिकेत उभे राहून एकमेकांना मिठ्या मारतात, आणि निम्मी मंडळी बाहेरच्या बारकडे धाव घेतात. उठलेल्यांच्या जागी लगेच नटूनथटून आलेले अनोळखी स्त्री-पुरुष येऊन बसतात. त्यांना 'सीट फिलर' म्हणतात, आणि कॅमेऱ्याला एकही खुर्ची रिकामी दिसू नये एवढ्यासाठीच ते संध्याकाळभर दबा धरून उभे असतात. मग ध्वनिक्षेपकावरून उरलेले सेकंद सांगितले जातात, पळापळ होते, दारे बंद होतात. बाहेर अडकलेल्याला पुढच्या जाहिरातीपर्यंत आत येता येत नाही. दुसऱ्या विश्रांतीत माझे हेच झाले, आणि दोन पुरस्कार मी बारशेजारच्या पडद्यावर, हातात ग्लास घेतलेल्या वीस-पंचवीस लोकांच्या घोळक्यात पाहिले. तिथे टाळ्या आतल्यापेक्षा मनापासून वाजत होत्या, हेही नमूद करायला हवे.

त्या रात्री २३ पुरस्कार होते. गेल्या वर्षी त्यांतले आठ प्रक्षेपणाआधीच उरकल्याने तंत्रज्ञांनी मोठी नाराजी व्यक्त केली होती. यंदा सगळे थेट दाखवले. आभारासाठी पंचेचाळीस सेकंद मिळतात. एवढ्या वेळात आई, निर्माता, जोडीदार आणि देश यांची नावे घ्यायची असतात, आणि ती संपेनात तर वाद्यवृंद वाजू लागतो. के हुई क्वान सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घ्यायला आले तेव्हा रडू आवरत नसताना त्यांनी आपण निर्वासितांच्या छावणीत वर्षभर राहिलो होतो हे सांगितले, आणि आमच्या सज्जातसुद्धा रुमाल निघाले. 'ॲन आयरिश गुडबाय' या लघुपटाच्या वेळी तर घड्याळाचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण त्याचा अभिनेता जेम्स मार्टिन याचा वाढदिवस त्याच दिवशी होता आणि दिग्दर्शकांनी आपला उरलेला वेळ त्याच्यासाठी गाणे म्हणण्यात घालवायचे ठरवले. तीन हजारांवर माणसे वाढदिवसाचे गाणे गात होती. मीही गायलो. त्या रात्री माझा आवाज जगभर प्रक्षेपित झाला असे म्हणायला हरकत नाही.

माहितीपटाच्या लघु विभागात 'द एलिफंट व्हिस्परर्स' हे नाव पुकारले गेले आणि आम्ही दोघे उभे राहिलो. मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे रघू नावाच्या अनाथ हत्तीच्या पिल्लाला वाढवते, त्याची ही ४१ मिनिटांची कथा. भारतीय निर्मितीला या विभागात मिळालेला हा पहिलाच पुरस्कार. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलल्या. त्यांच्यानंतर निर्मात्या गुनीत मोंगा बोलायला सरसावल्या तोच वाद्यवृंद सुरू झाला. वरून मला फक्त दोन लहान आकृत्या मंचाच्या कडेला नेल्या जाताना दिसल्या. मोंगा यांनी नंतर ही खंत उघडपणे बोलून दाखवली. साडेतीन तासांच्या कार्यक्रमात पॅराशूटने उतरण्याच्या विनोदाला वेळ होता, मंचावर आणलेल्या गाढवाला वेळ होता, एका निर्मातीच्या दोन वाक्यांना मात्र नव्हता. मला याचा जो राग आला तो अजून पुरता ओसरलेला नाही.

'नाटू नाटू' सुरू होण्याआधी दीपिका पदुकोण यांनी त्याची ओळख करून दिली, पण नाव उच्चारताच टाळ्या इतक्या वाजत की त्यांना मध्ये थांबावे लागत होते. राहुल सिपलीगंज आणि कालभैरव प्रत्यक्ष गात होते. सज्जातील लाकडी जमीन पायांच्या ठेक्याने थरथरते आहे हे मला बुटांतून कळत होते. गाणे संपले तेव्हा सगळे सभागृह उभे होते. पुढे गाण्याच्या पुरस्काराचे पाकीट उघडले आणि संगीतकार एम. एम. कीरवाणी यांनी आपले आभार चक्क गाऊन मानले, एका जुन्या अमेरिकी गाण्याच्या चालीवर शब्द बसवून. घड्याळावर मात करण्याचा हा उपाय मला सर्वात आवडला. माणूस गात असताना त्याच्यावर वाद्यवृंद कसा सोडणार?

उरलेली रात्र 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'ची झाली. त्याला सात पुरस्कार मिळाले, आणि दुपारी तीन हातांवर उभ्या असलेल्या मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या.

विजेते आणि नामांकित त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर गव्हर्नर्स बॉल नावाच्या मेजवानीला जातात. पुतळ्यावर नावाची पट्टीही तिथेच बसवतात, कारण मंचावर मिळतो तो पुतळा निनावी असतो. आम्हाला त्या मेजवानीचे निमंत्रण नव्हते. सरकत्या जिन्यावर वर जाणारे आणि खाली जाणारे अशी गर्दीची दुफळी झाली. आम्ही खाली आलो, गाडीसाठी तासभर ताटकळलो आणि शेवटी एका साध्या बर्गरच्या दुकानात शिरलो. आत जमिनीवर लोळणारे झगे आणि सुटलेले बो टाय यांची गर्दी होती. उंच टाचांचे बूट काढून हातात घेतलेल्या एका तरुणीने माझ्या मोज्यांकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही.

सोमवार, १३ मार्च

घरून फोन आला. मी कुठेही दिसलो नव्हतो.

सकाळी टक्सीडो परत केला. विमान रात्रीचे होते, म्हणून मी भाचीला विनंती केली की मला शहराच्या मध्यभागी डोरोथी चँडलर पॅव्हिलियनला घेऊन चल. कितीतरी वर्षे ऑस्कर तिथे होत असे, आणि भानू अथैया यांना पुतळा मिळाला तो ११ एप्रिल १९८३ रोजी त्याच मंचावर. वास्तू टेकाडावर आहे. उंच, सडपातळ पांढरे खांब, समोर प्रशस्त फरसबंदी चौक, त्यात कारंजे. आदल्या दिवशीच्या मंडपापुढे तिची शोभा फार सौम्य, जवळजवळ अबोल वाटते.

दरवाजे बंद होते. काचेला हात टेकवून आत पाहिले तर जिन्याची एक वळलेली बाजू आणि विझलेली झुंबरे दिसली. चौकातल्या कठड्यावर बसून भाचीने फोनवर १९८३ ची ती चित्रफीत लावली. अथैया बाई मंचावर येतात, हे खरे वाटू नये इतके चांगले आहे अशा अर्थाचे काहीतरी बोलतात, भारताकडे जगाचे लक्ष वेधल्याबद्दल 'गांधी'चे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांचे आभार मानतात आणि बाजूला होतात.

मी म्हटले, "परत लाव बरं, या वेळी घड्याळ लावू."

तिने परत लावली. पंचेचाळीस सेकंदांतले बरेचसे उरले होते.